आकडा एकटा वाचायचा नाही: स्कॉटलंडमधल्या एकत्रित आरोग्य व सामाजिक सेवेचा स्थानिक आढावा कसा घ्यावा

आढाव्याच्या बैठकीला पहिल्यांदा बसणाऱ्या माणसापुढे एक जाडजूड अहवाल येऊन पडतो. त्यात हिरवे-पिवळे-लाल गोल असतात, वर-खाली जाणारे बाण असतात आणि मधेच एखाद्या बागकाम गटाचा हसरा फोटो. बैठक दोन तासांची, त्यातली या विषयाच्या वाट्याला येणारी मिनिटं थोडी. मग सगळे लाल गोलांवर बोलतात, हिरव्यांकडे कोणी बघत नाही आणि विषय संपतो.

हा लेख अशा नवख्या माणसासाठी आहे. तुम्ही केअरर्सचे, म्हणजे घरच्या माणसाची बिनपगारी काळजी घेणाऱ्यांचे, प्रतिनिधी म्हणून बोर्डावर आला असाल, नुकत्याच रुजू झालेल्या नर्स किंवा सोशल वर्कर असाल, विश्लेषणाच्या कामाला नवीन असाल, नाहीतर आपल्या भागात काय चाललंय ते बघू इच्छिणारे साधे रहिवासी. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: सेवा एकमेकींत गुंतवल्या की कुठलाही आकडा एकट्याने वाचता येत नाही. एक सुधारला की त्याचा भार कुठे सरकला, हे शोधणं म्हणजेच आढावा.

पायरी १: कोण कोणाला जबाबदार आहे ते आधी बघा

२०१४ च्या पब्लिक बॉडीज जॉइंट वर्किंग कायद्याने स्कॉटलंडमध्ये एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) बोर्ड आणि काउन्सिल (स्थानिक स्वराज्य संस्था) यांना प्रौढांच्या सेवा एकत्र आखणं बंधनकारक केलं. एप्रिल २०१६ पर्यंत सगळीकडे ही घडी बसली. काउन्सिलं ३२, प्रादेशिक एनएचएस बोर्ड १४ आणि या दोघांनी मिळून सेवा चालवायच्या पार्टनरशिप ३१, कारण क्लॅकमॅननशर आणि स्टर्लिंग यांची मिळून एकच आहे. यातल्या तीस ठिकाणी इंटिग्रेशन जॉइंट बोर्ड, म्हणजे आयजेबी, हे दोघांचं संयुक्त मंडळ आहे. हायलंडने २०१२ मध्येच वेगळी वाट धरली होती: तिथे प्रौढांची सामाजिक सेवा एनएचएस चालवतं आणि मुलांच्या आरोग्यसेवेचा बराचसा भाग काउन्सिल.

आयजेबीकडे स्वतःच्या नर्सेस नसतात आणि घरी जाऊन काळजी घेणारे कर्मचारीही नसतात. ते योजना करतं, पैसे वाटून देतं आणि एनएचएस बोर्ड व काउन्सिल यांना लेखी निर्देश देतं. या निर्देशांना तिथे ‘डायरेक्शन’ म्हणतात. प्रत्यक्ष काम त्या दोन संस्थांची माणसं करतात. त्यामुळे “हे तुमच्याकडे येतं की त्यांच्याकडे?” या प्रश्नावर निम्म्या बैठका खर्ची पडतात.

तेव्हा सगळ्यात आधी तुमच्या भागाची ‘इंटिग्रेशन स्कीम’, म्हणजे एनएचएस बोर्ड आणि काउन्सिल यांच्यातला करार, काढून वाचा. कंटाळवाणा कागद आहे, पण आपल्या आयजेबीच्या हातात नेमकं काय आहे ते त्यातच कळतं. प्रौढांची सामाजिक काळजी, जीपी (फॅमिली डॉक्टर) आणि गावपातळीवरची आरोग्यसेवा आणि हॉस्पिटलातल्या तातडीच्या सेवांची आखणी सगळीकडे असतेच. मुलांच्या सेवा किंवा गुन्हेगारी न्यायाशी संबंधित सोशल वर्क काही ठिकाणी असतं, काही ठिकाणी नसतं. हे न बघता दोन पार्टनरशिपच्या खर्चाची तुलना करायला बसलात तर पहिल्याच वाक्याला तोंडघशी पडाल.

पायरी २: कागद जमवा, आणि त्यात काय असायलाच हवं ते जाणून घ्या

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि कायद्यानुसार त्यानंतर चार महिन्यांत, म्हणजे जुलैअखेर, वार्षिक कामगिरी अहवाल प्रसिद्ध व्हायला हवा. त्यात काय असावं हेही नियमांनी ठरवून दिलंय: राष्ट्रीय पातळीवरच्या नऊ आरोग्य व कल्याण उद्दिष्टांच्या संदर्भात काय साधलं, पैसा कसा वापरला, लोकॅलिटीनुसार काय घडलं, तपासण्यांत काय निघालं आणि आधीच्या पाच वर्षांशी तुलना. लोकॅलिटी म्हणजे पार्टनरशिपच्या आतले छोटे विभाग. प्रत्येक ठिकाणी असे किमान दोन हवेत.

अहवाल चाळताना आधी हे बघा की यातलं काय गाळलंय. पाच वर्षांची तुलना दोनच वर्षांवर आली असेल, किंवा लोकॅलिटीच्या प्रकरणात आकड्यांऐवजी फोटोच जास्त असतील, तर तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा.

अहवालाच्या जोडीला आणखी चार कागद हवेत: पार्टनरशिपची स्ट्रॅटेजिक योजना, पब्लिक हेल्थ स्कॉटलंडचे नियमित आकडे, केअर इन्स्पेक्टरेट आणि हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंट स्कॉटलंड यांच्या तपासणीचे अहवाल आणि हिशेब तपासनिसांचा वार्षिक अहवाल. हे सगळं उघड आहे, कोणाची परवानगी लागत नाही.

पायरी ३: प्रत्येक निर्देशकाचा अंश आणि छेद लिहून काढा

राष्ट्रीय यादीत २३ मुख्य निर्देशक आहेत. पहिले नऊ लोकांच्या अनुभवाच्या पाहणीतून येतात, बाकीचे बहुतेक हॉस्पिटलच्या आणि सेवांच्या नोंदींतून. यातले चार, म्हणजे १०, २१, २२ आणि २३, वर्षानुवर्षं ‘विकसित होत आहे’ याच शेऱ्यासह अहवालात येत राहिले. गंमत म्हणजे क्रमांक २२ हाच निर्देशक सांगणार होता की घरी जायला तयार झाल्यापासून ७२ तासांत किती जणांना खरोखर घरी जायला मिळालं.

निर्देशकाचं नाव वाचून अर्थ लावायचा मोह टाळा. दोन उदाहरणं घेऊ.

निर्देशक १५ सांगतो की आयुष्याच्या शेवटच्या सहा महिन्यांतला किती टक्के काळ माणसाने घरी किंवा समाजात घालवला. केअर होममधला काळही यात ‘समाजात’ म्हणून मोजला जातो. एका वर्षी ८८ टक्के, पुढच्या वर्षी ९० टक्के असं दिसलं की वाटतं, दोन टक्क्यांनी काय होतंय. पण सहा महिने म्हणजे साधारण १८२ दिवस. ८८ टक्के म्हणजे हॉस्पिटलात सुमारे २२ दिवस, ९० टक्के म्हणजे १८. प्रत्येक मरणाऱ्या माणसामागे जवळजवळ चार दिवसांचा फरक. ज्या आकड्याला बैठकीत कोणी मान वर करून बघत नाही, त्यात इतकं काही दडलेलं असतं.

निर्देशक १८ याच्या उलट जातीचा आहे. दीर्घकाळ काळजीची गरज असलेल्या प्रौढांपैकी किती टक्के लोकांना ती घरी मिळते, असं तो विचारतो. समजा एका भागात ६०० जणांना घरी मदत मिळते आणि ४०० जण केअर होममध्ये आहेत: ६० टक्के. आता दोन केअर होम बंद पडली आणि १०० जागा गेल्या. घरची मदत मात्र तेवढीच राहिली. छेद ९०० वर आला आणि टक्केवारी ६७ वर चढली. गोल हिरवा झाला. कोणालाही घरी एक मिनिटही जास्त मदत मिळालेली नाही. ज्यांना जागा मिळाली नाही ते लेकीच्या घरी आहेत, नाहीतर वॉर्डात.

म्हणून प्रत्येक निर्देशकासमोर वहीत तीन गोष्टी लिहा: वर काय आहे, खाली काय आहे आणि काहीच चांगलं न घडता हा आकडा कसा सुधारू शकेल. तिसरा रकाना भरताना थोडा खवचटपणा लागतो, पण सगळ्यात जास्त शिकायला तिथेच मिळतं.

पायरी ४: कालावधी आणि लोकसंख्या जुळते का?

हे काम रटाळ आहे, तरी टाळू नका. ताज्या वर्षाच्या हॉस्पिटलच्या नोंदी काही बोर्डांकडून पूर्ण आलेल्या नसतात, म्हणून अहवालात आर्थिक वर्षाऐवजी कॅलेंडर वर्षाचा आकडा टाकलेला असतो. तळटीप बारीक अक्षरात असते. ती वाचली नाही तर एप्रिल ते मार्च या वर्षाची जानेवारी ते डिसेंबरशी तुलना होऊन बसते. अनुभवाची पाहणी दोन वर्षांतून एकदाच होते, तेव्हा मधल्या वर्षीच्या अहवालात आधीचाच आकडा पुन्हा छापलेला असतो. त्याला ‘स्थिर’ म्हणणं चूक आहे.

छोट्या भागांत आणखी एक गोची होते. निर्देशक १९ विचारतो की ७५ वर्षांवरच्या दर हजार लोकांमागे, घरी जायला तयार असूनही हॉस्पिटलात किती दिवस गेले. एखाद्या बेटावर ७५ च्या वरचे २,५०० लोक आहेत असं धरा. एकच माणूस २०० दिवस अडकून राहिला तर दर ८० ने वाढतो. मोठ्या शहरात असे ४०,००० लोक असतील तर त्याच एका माणसाने दर फक्त ५ ने हलतो. ऑर्कनी किंवा शेटलंडचा आलेख ग्लासगोच्या शेजारी ठेवून ‘बेटांची कामगिरी घसरली’ असं म्हणणाऱ्याला हे गणित शांतपणे करून दाखवा. छोट्या भागात दराऐवजी नुसती संख्या मागा आणि तीन-चार वर्षं एकत्र बघा.

तुलनेसाठी आपल्यासारखे भाग निवडा. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या तुलनेची जी राष्ट्रीय चौकट आहे, तिच्यात ३२ काउन्सिलांचे आठ-आठचे चार गट पाडलेत. तिथून सुरुवात करता येते. स्कॉटलंडच्या सरासरीशी केलेली तुलना हा बहुतेक वेळा आळस असतो.

पायरी ५: आकड्यांच्या जोड्या लावा

इथे वेळ द्या. बाकी पायऱ्या घाईत उरकल्या तरी चालेल.

सगळ्यात जास्त चर्चा होते ती डिलेड डिस्चार्जची, म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीने माणूस घरी जायला तयार आहे, पण पुढची सोय नाही म्हणून खाट सोडता येत नाही. हा आकडा दोन प्रकारांनी मोजतात: महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी किती जण अडकलेले होते, आणि पूर्ण महिन्यात एकूण किती खाट-दिवस गेले (एक खाट एक दिवस अडली की एक खाट-दिवस). पहिला आकडा म्हणजे एका दिवसाचा फोटो. त्याच्या आदल्या दोन दिवसांत जोर लावून माणसं हलवली तर फोटो छान येतो. म्हणून दुसरा आकडा मागाच.

आता समजा तुमच्या भागात खाट-दिवस पाचव्या हिश्शाने कमी झाले. टाळ्या वाजवण्याआधी याच्या जोडीला पुढच्या गोष्टी ठेवून बघा.

घरच्या मदतीसाठी मूल्यमापन झालं पण मदत सुरू झाली नाही असे किती लोक आहेत, आणि ठरलेले पण न मिळालेले तास किती? पब्लिक हेल्थ स्कॉटलंड हे आकडे भागानुसार नियमित प्रसिद्ध करतं. वॉर्डातल्या माणसाला पहिला नंबर दिला की मदतीचे तास तिकडे जातात. घरी वाट बघणाऱ्याची रांग लांबते आणि ती रांग डिलेड डिस्चार्जच्या आलेखात कधीच दिसत नाही. त्याच रांगेतली एखादी बाई तीन आठवड्यांनी पडते आणि तातडीच्या भरतीच्या आकड्यात हजर होते.

तात्पुरत्या केअर होममध्ये किती जणांना हलवलं, आणि त्यातले किती परत आपल्या घरी गेले? ऑक्टोबर २०२१ मध्ये स्कॉटिश सरकारने हिवाळ्याच्या तोंडावर अशा सोयीसाठी ४ कोटी पौंड जाहीर केले होते. वाईट कल्पना नव्हती ती. पण माणूस तिकडे गेला की हॉस्पिटलच्या यादीतून त्याचं नाव जातं, आणि ‘तात्पुरतं’ कधी संपलं हे विचारणारा निर्देशक मुख्य यादीत नाही. म्हणून तो तुम्ही विचारायचा.

२८ दिवसांत पुन्हा भरती किती झाली? हा निर्देशक १४. घाईने घरी पाठवलं असेल तर इथे कळेल. मात्र उलट अर्थ लगेच काढू नका. पुन्हा भरती कमी आहे म्हणजे घरची सोय उत्तम, असंही नाही. माणसांना आधीच वॉर्डात जास्त दिवस ठेवलं असेल तरी ती कमी दिसते.

आणि ‘तयार’ झाल्याची तारीख कोण ठरवतं, कधी ठरवतं? घड्याळ त्या तारखेपासून चालू होतं. ती तारीख चार दिवस उशिरा लिहिली तर विलंब चार दिवसांनी घटला, आणि आजीबाई होत्या तिथेच.

अशीच जोडी केअरर्सच्या बाबतीत लावा. नवरा, सून, मुलगा, शेजारीण, जे कोणी बिनपगारी काळजी घेतात त्यांना २०१६ च्या केअरर्स कायद्याने १ एप्रिल २०१८ पासून स्वतःची सपोर्ट योजना मागण्याचा हक्क दिला. अहवालात किती योजना ‘केल्या’ हे अभिमानाने लिहिलेलं असतं. त्याच्या शेजारी निर्देशक ८ ठेवा: काळजी घेत राहायला आपल्याला आधार मिळतो असं किती केअरर्सना वाटतं. २०२३-२४ च्या पाहणीत देशभरात हे प्रमाण एक तृतीयांशाहूनही कमी होतं. योजनांची संख्या चढती आणि हा आकडा पडलेला, तर कागद भरले गेले, आधार मिळाला नाही.

तपासणीच्या श्रेणींबद्दल थोडक्यात. केअर इन्स्पेक्टरेट १ ते ६ अशी श्रेणी देतं आणि निर्देशक १७ मध्ये ४ किंवा वरच्या सेवांचं प्रमाण येतं. प्रत्येक सेवेची शेवटची तपासणी कधी झाली ते विचारा. जुनी ‘५’ आणि ताजी ‘४’ यांत मी तरी ताज्या ‘४’ वर जास्त विश्वास ठेवीन.

पायरी ६: एका माणसाची वाट आखा

जोड्या लावून झाल्या की एका काल्पनिक माणसाला या सगळ्यातून चालवून बघा. ८२ वर्षांच्या, गावात एकट्या राहणाऱ्या आजी घ्या. स्वयंपाकघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. नवव्या दिवशी टीम म्हणते, घरी जाऊ शकतात. आता काय काय लागतं? ऑक्युपेशनल थेरपिस्टने घर बघायचं. संडासाजवळ कठडा बसवायचा. सकाळ-संध्याकाळ येणारी मदतनीस ठरवायची. फार्मसीकडून औषधांचे डबे भरून यायचे. आणि दाराबाहेर की-सेफ बसवायची, म्हणजे आजींना उठता आलं नाही तरी मदतनीस किल्ली काढून आत जाऊ शकेल.

घोडं बऱ्याचदा या की-सेफशी अडतं. भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी, बसवणारा माणूस आठवड्यातून दोनच दिवस गावाकडे येणारा, आणि ती बसल्याशिवाय मदतनिसांची संस्था काम सुरू करायला तयार नाही. शुक्रवारी सगळं जुळलं नाही तर आजी मंगळवारपर्यंत वॉर्डात. आलेखात कारण येतं: ‘काळजीच्या व्यवस्थेची प्रतीक्षा’. पैशांचा तुटवडा, मनुष्यबळाचा तुटवडा असं मग बैठकीत बोललं जातं. ते खोटं नसतं. पण चार स्क्रूचं काम कोणाकडे आहे, हेही विचारावं लागतं.

दुसरी वाट आणखी लांबची. आजींची स्मृती गेलेली आहे आणि त्यांनी कोणाला पॉवर ऑफ ॲटर्नी, म्हणजे आपल्या वतीने निर्णय घेण्याचा लेखी अधिकार, दिलेली नाही. मग त्यांच्या वतीने केअर होमचा निर्णय घ्यायला बहुतेक वेळा २००० च्या ॲडल्ट्स विथ इन्कपॅसिटी कायद्याखाली शेरिफ कोर्टातून (तिथलं स्थानिक न्यायालय) गार्डियनशिप, म्हणजे पालकत्वाचा अधिकार, घ्यावी लागते. यात महिने जातात. अशा गुंतागुंतीच्या केसेस ‘कोड ९’ खाली वेगळ्या मोजतात. अहवालात नुसता ‘स्टँडर्ड’ विलंब दाखवला असेल तर या आजी आलेखातून गायब आहेत. दोन्ही आकडे वेगवेगळे मागा, आणि पॉवर ऑफ ॲटर्नीबद्दल लोकांना आधीच सांगण्यासाठी पार्टनरशिपने काय केलं तेही.

शक्य असेल तर वॉर्डाची डिस्चार्ज समन्वयक आणि घरी जाणारी एखादी मदतनीस, या दोघींशी वेगवेगळं बोला. दोघींच्या सांगण्यात जिथे फरक पडतो तिथेच तुमचा पुढचा प्रश्न असतो.

पायरी ७: सरासरीच्या आत डोकवा

पार्टनरशिपचा एक आकडा म्हणजे लोकॅलिटींची सरासरी. तातडीची भरती, ७५ च्या आतले मृत्यू, पडून झालेल्या दुखापती हे लोकॅलिटीनुसार आणि वंचिततेच्या निर्देशांकाच्या पाच पायऱ्यांनुसार मागा. हा निर्देशांक शहरात चांगला चालतो. खेड्यात मात्र गरीब घर आणि सुखवस्तू घर एकाच वस्तीत असतात, त्यामुळे तिथली गरिबी त्यातून निसटते. ग्रामीण भाग असेल तर जवळच्या जीपीपर्यंतचं अंतर आणि मदतनिसाचा प्रवासातला वेळ यांचे आकडे जास्त बोलके ठरतात.

पायरी ८: प्रश्न कमी ठेवा, उत्तर लेखी घ्या

बैठकीला तीनच प्रश्न घेऊन जा. जास्त नेले तर अधिकारी सोप्या प्रश्नांना लांब उत्तरं देतात आणि वेळ संपतो. ही त्यांची चलाखी नाही, बैठकांचा स्वभावच तसा. ‘हे का घसरलं?’ असं विचाराल तर मनुष्यबळ आणि महागाई ऐकायला मिळेल. त्यापेक्षा असं विचारा: “नोव्हेंबर ते फेब्रुवारीत खाट-दिवस कमी झाले, त्याच काळात न मिळालेले तास वाढले. हे लोक कोणत्या लोकॅलिटीत आहेत, आणि यासाठी काउन्सिलला कोणतं डायरेक्शन दिलंय?”

डायरेक्शन दिलेलंच नसेल तर आयजेबीने त्या विषयावर फक्त चर्चा केली, निर्णय घेतला नाही. दिलेलं असेल तर त्यात तारीख, रक्कम आणि कोणत्या आकड्यावरून यश मोजणार, हे तिन्ही आहे का ते बघा. तातडीच्या हॉस्पिटल सेवेसाठी बाजूला ठेवलेल्या ‘सेट असाइड’ रकमेबद्दलही विचारा. ती आयजेबीच्या हिशेबात दिसते, पण खर्च हॉस्पिटलच करतं. वॉर्डातून पैसा घराकडे वळवायचा हा या सगळ्या रचनेमागचा मूळ हेतू होता, आणि नेमकी तीच रक्कम हलत नाही.

उत्तर ‘बघून सांगतो’ असं आलं तर कोण सांगणार आणि कोणत्या बैठकीत, हे इतिवृत्तात लिहून घ्या. वापरलेला प्रत्येक आकडा कोणत्या तारखेला उतरवला तेही तुमच्या वहीत नोंदवा. हॉस्पिटलच्या नोंदी पूर्ण होत जातात तसे जुने आकडे मागाहून बदलतात, आणि पुढच्या जुलैत “गेल्या वर्षी तर वेगळाच आकडा होता” असं तुम्ही म्हणाल तेव्हा ती तारीख लागेल.